डहाणूचे कापरेकर आणि बहात्तर लाख अंकांची मूळ संख्या

वाणगाव स्टेशनातून उत्तरेकडे जाणारी गाडी सुटली की पुढचे स्टेशन डहाणू रोड. डहाणू म्हटले की चिकूच्या वाड्या आणि समुद्रकिनारा एवढेच बाहेरच्या माणसाला आठवते. आपल्यापैकीही पुष्कळांना हे ठाऊक नसते की, ज्यांच्या नावाच्या संख्या आज जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत छापल्या जातात, त्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी याच डहाणूत झाला. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला.

प्रस्तुत लेखाचा विषय एका अवाढव्य मूळ संख्येचा इतिहास हा आहे. ती संख्या अमेरिकेत सापडली आणि तिच्या अंगी असलेला एक विलक्षण गुणधर्म २००६ साली एका परदेशी गणितज्ञाने दाखवून दिला. तो गुणधर्म ओळखण्याची कसोटी मात्र आपल्या डहाणूच्या या सुपुत्राने घालून दिलेली होती. मी स्वतः बी. ए. झालेला, इतिहास आणि भाषा शिकविणारा शिक्षक आहे. त्यामुळे गणित येथे जेवढे येईल तेवढे शाळेच्या फळ्यावर मावेल इतकेच येईल, याबद्दल वाचकांनी निश्चिंत असावे.

कापरेकरांचे वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. आई मुलाच्या आठव्या वर्षीच वारली. वडिलांच्या पंचांग-कुंडल्यांमुळे घरात आकडेमोड सतत चाललेली असे. ठाण्यास माध्यमिक शिक्षण, नंतर पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज, तेथे १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक, १९२९ साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. ही पदवी, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तरकी, असे हे सरळसाधे आयुष्य. पदवीच्या पुढचे शिक्षण त्यांनी घेतले नाही. शाळा सुटल्यावर आणि गाडीच्या प्रवासात ते आकड्यांशी खेळत बसत. डोंबिवलीच्या स्टेशनावर सुचलेल्या एका प्रकारच्या संख्यांना त्यांनी त्या स्टेशनावरून ‘डेम्लो संख्या’ असे नाव दिले. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१, या चढत्या-उतरत्या मनोहर संख्या त्यातल्याच.

त्यांची सर्वांत गाजलेली संख्या ६१७४. चार अंकी कोणतीही संख्या घ्या. चारही अंक सारखे नसले म्हणजे झाले. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून तेच अंक चढत्या क्रमाने मांडून वजा करा आणि आलेल्या उत्तरावर तीच क्रिया करीत राहा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर येऊन थांबता. कापरेकरांचे जन्मसाल १९०५ घेऊन पाहा: ९५१० वजा ०१५९ बरोबर ९३५१. पुढे अनुक्रमे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४. त्यांच्या जन्मसालाला नेमक्या सातही पायऱ्या लागतात, ही गंमत मला हिशेब करतानाच कळली.

परंतु आपल्या विषयाला ६१७४ पेक्षा त्यांची दुसरी कल्पना अधिक जवळची आहे. कोणतीही संख्या घ्यावी आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. २३ घेतली तर २ अधिक ३ म्हणजे ५, आणि २३ अधिक ५ बरोबर २८. तेव्हा २३ ही २८ ची जनक संख्या झाली. २८ मध्ये १० मिळवा, ३८ येतात. ३८ मध्ये ११ मिळवा, ४९ येतात. याप्रमाणे वंशावळ वाढत जाते. आता प्रश्न उलटा करा. प्रत्येक संख्येला जनक असतो काय? नसतो. २० ही संख्या कोणत्याही संख्येपासून अशा रीतीने निपजत नाही. ३१, ४२, ५३ यांचेही तसेच. अशा संख्यांना कापरेकरांनी इंग्रजीत ‘सेल्फ नंबर’ म्हटले; आपण त्यांना स्वयंभू संख्या म्हणू. त्यांना ‘देवळाली संख्या’ असेही नाव आहे. १९६३ साली देवळालीहून त्यांनी या विषयावर पदरमोड करून एक पुस्तिका काढली होती.

हा प्रकार मी एकदा मोकळ्या तासाला सातवीच्या वर्गात सांगितला. मुलांनी पाट्या-वह्या काढून शंभरपर्यंतच्या संख्यांचे जनक शोधायला सुरुवात केली. वीसवर येऊन सगळे अडले. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, मंग ह्या आकड्याला आयबापच नाय?” स्वयंभू संख्येची याहून सुटसुटीत व्याख्या मला कोठल्याही पुस्तकात आढळलेली नाही.

काही संख्यांना उलट एकाहून अधिक जनक असतात. १०१ ला दोन आहेत, ९१ आणि १००. तीन जनक असलेली सर्वांत लहान संख्या म्हणजे एकावर बारा शून्ये व शेवटी पुन्हा एक, १००००००००००००१. हिचे तीन जनक असे: १००००००००००००० , ९९९९९९९९९९९०१ आणि ९९९९९९९९९९८९२. हाती कागद-पेन्सिलीखेरीज काही नसताना एका शाळामास्तराने या गोष्टीपर्यंत मजल मारावी, याचे मला राहून राहून नवल वाटते. वाचकांनी बेरीज करून ताळा पाहावा.

दोन अंकी संख्यांपुरती स्वयंभूपणाची तपासणी अगदी सोपी आहे. दशकस्थानी क आणि एककस्थानी ख असेल तर संख्या होते दहा क अधिक ख, आणि अंकांची बेरीज क अधिक ख. दोन्ही मिळून अकरा क अधिक दोन ख. आता ९७ साठी पाहू. ९७ विषम, म्हणून क विषमच हवा. क सात धरला तर ७७ वजा जाऊन २० उरतात, ख ला दहा व्हावे लागते. पण अंक नऊच्या वर जात नाही. क पाच, तीन किंवा एक धरला तर ख आणखीच मोठा होतो. क नऊ धरला तर ९९ होऊन संख्या ओलांडली जाते. एक अंकी जनक तर शक्यच नाही, कारण तेथे उत्तर अठराच्या पुढे जात नाही. सबब ९७ स्वयंभू आहे. आणि ९७ ही मूळ संख्याही आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः यांखेरीज तिला विभाजक नाही. शंभरच्या आत २५ मूळ संख्या आहेत. त्यांपैकी ३, ५, ७, ३१, ५३ आणि ९७ या सहाच स्वयंभू आहेत.

आता मूळ संख्यांच्या इतिहासाकडे वळू. मूळ संख्या कधी संपत नाहीत हे युक्लिडने सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी सिद्ध केले. त्याच ग्रंथात त्याने दाखविले की, दोनाच्या एखाद्या घातातून एक वजा केल्यावर मूळ संख्या आली, तर तिच्यापासून एक परिपूर्ण संख्या बनते. परिपूर्ण म्हणजे जिच्या स्वतःखेरीज सर्व विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच होते ती. ६ चे विभाजक १, २, ३, बेरीज ६. २८ चे १, २, ४, ७, १४, बेरीज २८. प्राचीन ग्रीकांना अशा चार संख्या ठाऊक होत्या: ६, २८, ४९६ आणि ८१२८.

पुढचा धागा अरबी ग्रंथांत सापडतो. बसऱ्यास जन्मलेले आणि कैरोत राहिलेले इब्नुल हैसम यांचे नाव प्रकाशशास्त्रासाठी सर्वांना ठाऊक असते. त्यांनी या परिपूर्ण संख्यांचा विचार केला होता, आणि मूळ संख्यांचा एक सुंदर गुणधर्मही ते वापरीत. १ पासून सुरुवात करून एखाद्या मूळ संख्येच्या अलीकडच्या संख्येपर्यंत सर्वांचा गुणाकार करा व त्यात एक मिळवा. त्या मूळ संख्येने निःशेष भाग जातो. सातासाठी १ ते ६ यांचा गुणाकार ७२०, अधिक एक ७२१, आणि ७२१ म्हणजे ७ गुणिले १०३. संख्या मूळ नसेल तर असा भाग जात नाही. हाच नियम युरोपात सुमारे साडेसातशे वर्षांनी विल्सन नावाच्या इंग्रज गृहस्थाच्या नावावर चढला आणि १७७१ साली लाग्रांजने त्याची सिद्धता दिली. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात नावे कशी चिकटतात याचा हा एक नमुना आहे.

तेराव्या शतकातील इब्न फल्लूस यांनी दहा परिपूर्ण संख्यांचे कोष्टक दिले. त्यातल्या पहिल्या सात बरोबर आहेत, शेवटच्या तीन चुकीच्या. पाचवी ३,३५,५०,३३६, तिच्या पोटात ८१९१ ही मूळ संख्या आहे, म्हणजे दोनाचा तेरावा घात वजा एक. सातवीच्या पोटात ५,२४,२८७. या सातवीपर्यंत पोहोचायला युरोपास सोळावे शतक उजाडावे लागले.

‘दोनाचा घात वजा एक’ या रूपाच्या मूळ संख्यांना आज मर्सेन संख्या म्हणतात. मर्सेन (१५८८ ते १६४८) हे फ्रान्समधील एक धर्मगुरू. १६४४ साली त्यांनी अशा संख्यांची यादी छापली. त्यात ६७ वा व २५७ वा घात चुकून शिरले, आणि ६१, ८९, १०७ हे बरोबर असलेले राहून गेले. ६७ व्या घाताची चूक १९०३ साली कोल या अमेरिकन प्राध्यापकाने त्या संख्येचे दोन अवयव काढून कायमची मिटविली. घात स्वतः मूळ नसला तर संख्या मूळ होऊ शकत नाही, उदाहरणार्थ २ चा सहावा घात वजा एक म्हणजे ६३. पण घात मूळ असला म्हणजे संख्या मूळ असतेच असे नाही. अकरावा घात वजा एक म्हणजे २०४७, आणि ते २३ गुणिले ८९.

मग एवढ्या मोठ्या संख्या तपासतात कशा? भागाकार करीत बसले तर सारे आयुष्य अपुरे पडेल. एकोणिसाव्या शतकात ल्युका आणि विसाव्यात लेमर यांनी यावर युक्ती काढली. चारापासून सुरुवात करा, वर्ग करा, दोन वजा करा, आणि तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा. ही क्रिया घाताहून दोनने कमी इतक्या वेळा करा; शेवटी शून्य उरले तर संख्या मूळ. ३१ म्हणजे पाचवा घात वजा एक, तेव्हा तीन वेळा: ४ पासून १४; १४ पासून १९४, बाकी ८; ८ पासून ६२, बाकी शून्य. झाले.

१९९६ साली घरोघरचे संगणक एकत्र जोडून अशा संख्या शोधण्याचा जागतिक उपक्रम सुरू झाला. त्यात १५ मे २००४ रोजी जॉश फिंडली या अमेरिकन स्वयंसेवकाच्या संगणकावर आपली आजची संख्या सापडली: २ चा २,४०,३६,५८३ वा घात वजा १. दशमान पद्धतीने लिहिली तर तिला ७२,३५,७३३ अंक लागतात. सेकंदाला एक अंक याप्रमाणे, न जेवता न झोपता लिहीत बसले तर सुमारे ८४ दिवस. एका पानावर तीन हजार अंक छापले तर २,४०० पानांहून जास्त मोठा ग्रंथ. ती २९९४ या अंकांनी सुरू होते आणि ७ या अंकावर संपते. संगणकाच्या द्विमान पद्धतीत मात्र तिचे रूप एकदम साधे आहे: एकापुढे एक असे २,४०,३६,५८३ एक, दुसरा अंकच नाही. डोंबिवलीच्या स्टेशनावर १११ आणि ११११ यांच्याशी खेळणाऱ्या कापरेकरांना हे रूप पाहून आनंद वाटला असता.

ऑक्टोबर २००६ मध्ये ल्यूक पेबडी यांनी दाखविले की, ही संख्या दशमान पद्धतीत स्वयंभू आहे. म्हणजे तिला विभाजक नाही आणि जनकही नाही. त्या वेळेपर्यंत तिच्याहून मोठ्या तीन मर्सेन मूळ संख्या सापडल्या होत्या, पण त्यांपैकी एकही स्वयंभू नव्हती. म्हणून त्या दिवशी ज्ञात असलेली सर्वांत मोठी स्वयंभू मूळ संख्या ही ठरली.

वाचकांना वाटेल की, बहात्तर लाख अंकांच्या संख्येचा जनक नाही हे ठरविण्यासाठी केवढा खटाटोप करावा लागला असेल! येथेच खरी मौज आहे. जनक संख्येलाही जास्तीत जास्त ७२,३५,७३३ अंक असणार. सगळे नऊ धरले तरी त्यांची बेरीज ६,५१,२१,५९७ होते, म्हणजे आठ अंकीच. जनक आपल्या संख्येहून याहून जास्त अंतरावर असूच शकत नाही. सबब शेवटचे आठ अंक सोडले तर जनकाचा उरलेला अफाट भाग आपल्या संख्येसारखाच असणार, किंवा हातचा घ्यावा लागल्यास एकाने कमी. ह्या दोनच शक्यता. त्या भागाच्या अंकांची बेरीज एकदा यंत्राकडून करून घेतली की उरले आठ अंक, आणि आठ अंकांची बेरीज ० ते ७२ यांपैकी काहीतरी असणार. ७३ अधिक ७३, म्हणजे १४६ वजाबाक्या. त्यावर नवाचा ताळा लावा. कोणतीही संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांना नवाने भागले तर बाकी सारखीच उरते. आपल्या मूळ संख्येची बाकी १ येते. म्हणून जनकाच्या अंकांच्या बेरजेची दुप्पट केल्यावर बाकी १ यायला हवी, अर्थात त्या बेरजेची बाकी ५ हवी. एवढी चाळणी लावल्यावर सोळा-सतरा वजाबाक्या शिल्लक राहतात. ते काम आठवीतला विद्यार्थी एका तासात करील.

आता एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडला पाहिजे, कारण कापरेकरांना तो आयुष्यभर ऐकावा लागला. आपल्याकडच्या काही विद्वान गणितज्ञांनी त्यांचे काम क्षुल्लक, करमणुकीचे म्हणून बाजूला सारले. हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. रामानुजनचे पाठीराखे प्रा. हार्डी यांनीही १९४० सालच्या आपल्या पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ या संख्यांचे उदाहरण देऊन असेच म्हटले आहे. या दोन संख्या आपल्याच उलट्या संख्यांच्या अनुक्रमे चौपट व नऊपट आहेत. हार्डींच्या मते अशा गमतींत खऱ्या गणितज्ञाला रस वाटावा असे काही नाही. याचे कारण समजण्यासारखे आहे. ९७ मूळ आहे हे आपण ती दशमानात लिहा, द्विमानात लिहा की ९७ मिरच्या मांडून दाखवा, खरेच राहते. ९७ स्वयंभू आहे हे मात्र माणसाला दहा बोटे आहेत म्हणून. बोटे आठ असती तर स्वयंभू संख्या निराळ्या निघाल्या असत्या. मूळपणा संख्येचा स्वतःचा असतो, स्वयंभूपणा आपल्या लिहिण्याच्या पद्धतीचा.

एवढे मान्य करूनही मला वाटते की, त्या विद्वानांनी कापरेकरांचे माप कमी भरले. वर दाखविलेली सोळा-सतरा वजाबाक्यांची युक्ती ही खेळातून निघाली असली तरी तिच्यातला विचार पक्का गणिती आहे. स्वयंभू संख्या एकूण संख्यांमध्ये किती दाट असतात, शंभरात सुमारे दहा, या प्रश्नावर पुढे विद्यापीठांतल्या गणितज्ञांनी कामे केली. आणि उपयोगाचा प्रश्न काढायचा तर ज्या मोठमोठ्या मूळ संख्या आज बँकेचे निरोप गुप्त ठेवण्यास वापरतात, त्यांचा तसा उपयोग एके काळी कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता. बहात्तर लाख अंकांच्या संख्येचा तसा काहीच उपयोग नाही, हेही सांगून टाकतो. व्यवहारातल्या संख्या काही शे अंकांच्याच असतात.

कापरेकरांची कदर अखेर बाहेरून झाली. मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतील ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा हे नाव जगभर गेले. कापरेकर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. निवृत्तिवेतन पुरत नसल्याने पत्नीच्या निधनानंतर त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या होत्या. १९८६ साली देवळालीतच त्यांचे निधन झाले. मागच्या वर्गात बसून पाढे न येणारी, मिरचीच्या वा चिकूच्या हंगामात शाळा बुडविणारी आमची मुले ज्या तालुक्यात वाढतात, तेथलाच हा माणूस, हे मी वर्गात मुद्दाम सांगतो. पाढे त्यामुळे लगेच पाठ होतात असे नाही. परंतु मुले आपापल्या जन्मसालाचा जनक शोधायला लागतात. सालांमध्ये १९७४, १९८५, १९९६, २००७ आणि २०२२ ही स्वयंभू आहेत, यानंतरचे २०३३. आणि २०१७ व २०२७ ही दोन्ही साले मूळ असून पहिले दुसऱ्याचे जनक आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरँट यांच्या प्रयत्नाने २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १ ही मूळ संख्या जाहीर झाली. तिला ४,१०,२४,३२० अंक आहेत आणि शेवटचा अंक १. तिच्यासाठी वरचीच रीत चालते. अंकांची बेरीज ३६,९२,१८,८८० हून जास्त होऊ शकत नाही, म्हणून शेवटचे आठऐवजी नऊ अंक सोडायचे. नवाने भागल्यास या संख्येची बाकी ४ येते, तेव्हा जनक असलाच तर त्याच्या अंकांच्या बेरजेची बाकी २ आली पाहिजे. वरच्या भागाच्या अंकांची बेरीज संगणकाच्या खोलीत करून घेतली की बाकीच्या वजाबाक्या आपले विद्यार्थी वहीत करू शकतील.